कोल्हापूरहून रेल्वेनं समुद्राला: कासावली स्टेशनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही शाहूपुरीत, स्टेशनच्या आवाजाच्या टप्प्यात राहतो. वर्षातून एकदा घरातली चार माणसं पिशव्या घेऊन स्टेशनकडे चालत निघाली की गल्लीत ठरलेला प्रश्न येतो, "कुठं, पुण्याला?" कासावलीला म्हटलं की पुढचा अर्धा तास तिथंच जातो. हे प्रश्न त्या अर्ध्या तासातले आहेत. उत्तरं मात्र घाईत दिलेली नाहीत.

कासावली म्हणजे नक्की कुठं?

दक्षिण गोव्यात. मडगावहून वास्कोकडे जाणाऱ्या फाट्यावर सुरावली, माजोर्डा, कासावली, सांकवाळ, दाबोळी आणि वास्को अशी स्टेशनं ओळीनं लागतात. कासावली त्यातलं मधलं, लहानसं. फक्त पॅसेंजर थांबण्यापुरतंच म्हणा ना. तालुका मुरगाव. आरोशीचा किनारा स्टेशनापासून दोनेक किलोमीटरवर आणि वेळसांवचाही जवळच.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘म’ लागतो. तो पोर्तुगीजांच्या लिहिण्यातला नाकातला उच्चार आहे, गावात कोणी तो म्हणत नाही. तिकिटाच्या ॲपवर शोधताना मात्र हा ‘म’ लक्षात ठेवा. कुळेचं ‘कुलेम’ होतं आणि आमच्या शेजाऱ्यांना ते पंधरा मिनिटं सापडत नव्हतं.

कोल्हापूरहून थेट गाडी आहे का?

नाही. मिरजेला बदलावं लागतं. आपलं स्टेशन हे फाट्याचं शेवटचं टोक. इथून रूळ पुढं जात नाहीत, जी गाडी येते ती आल्या वाटेनं परत जाते. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत मिरजेपर्यंत साधारण 48 किलोमीटर, आणि खरा प्रवास सुरू होतो मिरजेच्या फलाटावरून.

आम्ही निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस धरतो. ती पुण्याहून येते, रात्री मिरजेला लागते, मग बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत पहाटे गोव्यात उतरते. कासावलीला ती थांबत नाही. मडगावला उतरायचं, चहा घ्यायचा आणि वास्कोकडं जाणारी पॅसेंजर पकडायची. या पॅसेंजर दिवसातून मोजक्याच असतात, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी वेळ बघणं म्हणजे बघणंच. गेल्या वर्षीची वेळ पाठ आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस मडगावच्या फलाटावर दोन तास बसला होता. तो मीच.

आपली तिरुपतीची हरिप्रिया एक्सप्रेससुद्धा लोंढ्यावरून जाते. कागदावर वाटतं की बसावं कोल्हापुरात आणि उतरावं लोंढ्याला, पुढची गाडी तिथून. पण लोंढ्याहून गोव्याकडं उतरणाऱ्या गाड्या इतक्या थोड्या आहेत की जोडणी जुळली तर नशीब. लहान पोरं बरोबर असतील तर या वाटेला जाऊच नका.

मग किती किलोमीटर पडतं? रस्त्यानं तर गोवा दोनशे-सव्वादोनशेच आहे.

बरोबर आहे. आंबोलीनं उतरलात तर पणजी तेवढ्यातच येते. रेल्वेनं मिरज ते बेळगाव 138, बेळगाव ते लोंढा 51 आणि मग घाट उतरून पुढं, सगळं धरून वास्कोपर्यंत साडेतीनशेच्या आतबाहेर. म्हणजे आधी पूर्वेला मिरजेकडं जायचं, तिथून दक्षिणेला, मग पश्चिमेला वळायचं. डोक्यामागून हात फिरवून घास घेतल्यासारखं आहे हे. मान्य. ज्याला लवकर पोचायचंय त्यानं मध्यवर्ती बसस्थानकावरून पणजीची बस धरावी, आमचं काही म्हणणं नाही.

एवढा वळसा घालून रेल्वे मुळात गेलीच कशाला?

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून इथं जरा बसतो.

1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. वरवर रेल्वेचा आणि बंदराचा, आतून मिठाचा. गोव्यातल्या मिठामुळं इंग्रजांच्या मीठकराला भोक पडत होतं, ते त्यांना बुजवायचं होतं. त्याबदल्यात पोर्तुगीजांना मुरगावचं बंदर आणि तिथून सह्याद्री चढून ब्रिटिश मुलखाला भिडणारी लाईन मिळायची होती. 1880 च्या दशकात ती लाईन झाली. घाटाचं काम संपून 1888 मध्ये ती कॅसलरॉकला इंग्रजांच्या लाईनला मिळाली.

आता आपल्याकडं बघा. त्याच 1888 साली कोल्हापूर-मिरज रेल्वेची पहिली कुदळ मारली गेली. कुदळ मारणारे शाहू महाराज तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते, त्यांना राज्याधिकार मिळायला अजून सहा वर्षं बाकी होती. 1891 मध्ये गाडी सुरू झाली. संस्थानच्या पैशातली ही लाईन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, मिरजेची मुख्य लाईन मीटरगेज आणि मुरगावचीही मीटरगेज. म्हणजे करवीरात भरलेली वाघीण (मालगाडीचा डबा) माल न उतरवता थेट समुद्राच्या बंदरापर्यंत जाऊ शकत होती. "कोल्हापूरला रेल्वे संपते" असं आपण म्हणतो, पण त्या काळच्या नकाशावर हेच रूळ बंदरावर जाऊन संपत होते.

1971 मध्ये आपल्याकडं ब्रॉडगेज आली. मुंबई-पुण्याची सोय झाली, पण मिरजेच्या दक्षिणेला रूळ अरुंदच राहिले. त्यामुळं गोव्याला जाणाऱ्याला मिरजेला एका गेजमधून दुसऱ्या गेजमध्ये सामान टाकावं लागायचं. ही कसरत 1990 च्या दशकात गोव्यापर्यंत रुंदीकरण झालं तेव्हा थांबली. आजही आपण मिरजेला गाडी बदलतोच, फक्त कारण बदललं.

1961 च्या आधी या लाईननं जाता यायचं का?

यायचं, पण मधे देश बदलायचा. कॅसलरॉकला भारताची जकात तपासणी, घाट उतरला की कुळेला पोर्तुगीजांची. 1955 च्या ऑगस्टमध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर भारतानं सरहद्द बंद केली आणि गाडीही थांबली. ती पुन्हा सुरू झाली गोवा मुक्त झाल्यावर. आज कॅसलरॉकला गाडी थांबते तेव्हा लोक मोबाईलची रेंज शोधत असतात. एका काळी याच फलाटावर ट्रंका उघडून दाखवाव्या लागत होत्या, हे सांगितलं की माझा भाचा विचारतो, "ट्रंक म्हणजे?"

घाट दिसतो का? दूधसागर दिसतो का?

जाताना नाही. गोवा एक्सप्रेस रात्रीची घाट उतरते, खिडकीत फक्त स्वतःचं तोंड दिसतं. येताना ती दुपारी वास्कोहून सुटते, त्यामुळं घाट उजेडात चढते. म्हणून आम्ही जाताना झोपतो आणि येताना जागतो.

कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रस्त्याला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेला तो फार आहे, कारण लोखंडावर लोखंड घसरतं. म्हणून गाडीला जादा इंजिनं लावतात. वर चढताना गाडीचा वेग इतका कमी होतो की रुळाकडेची नेची मोजता येतात. मग बोगदा, मग पूल, आणि अचानक पाण्याचा आवाज. दूधसागर 310 मीटर उंच आहे आणि रेल्वेचा पूल त्याच्या मधोमध ओलांडतो. डब्यातले सगळे एकाच बाजूला धावतात तेव्हा समजायचं की आलं.

आणि हो, दूधसागरला उतरायचं नाही. तिथं प्रवाशांना उतरायला बंदी आहे. 2023 च्या पावसाळ्यात उतरलेल्या पोरांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. त्यातले काही नक्की आपल्याकडचे असणार, उठाबशा तालमीतल्यासारख्या काढत होते.

स्टेशनवरून समुद्र दिसतो का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं स्टेशन असतं. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला लाटा. तसं नाही. कासावलीच्या फलाटावरून समुद्र दिसत नाही. जाणवतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. हवेला चिकटपणा येतो, गळ्यातल्या रुमालाला खारट वास लागतो, माड वाढतात आणि घरांच्या भिंती जांभ्याच्या होतात. गाडी निघून गेली की आधी काही ऐकू येत नाही, मग कावळे, मग कुठंतरी पोई म्हणजे गोव्याचा पाव विकणाऱ्याच्या सायकलचा भोंगा.

समुद्राच्या खऱ्या जवळ जायचं असेल तर कासावलीला न उतरता पुढच्या पट्ट्यात डावीकडच्या खिडकीत बसा. वेळसांव, पाळे, इसोर्शी या वाड्यांतून रूळ किनाऱ्याला धरून जातो. मधे घरं आणि माड आहेत, त्यांच्या फटीतून पाणी चमकून जातं. घरं इतकी जवळ आहेत की एखाद्याच्या परसातली वाळत घातलेली चादर गाडीच्या वाऱ्यानं हलते. पुढं दाबोळीला उतरून परतीच्या पॅसेंजरनं कासावलीला यायचं. एवढ्या तिकिटात रंकाळ्यावर भेळसुद्धा येत नाही.

तिथले लोक रेल्वेवर नाराज आहेत असं वाचलं. खरं का?

दुपदरीकरणावर आहेत. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच रुळांवरून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडं जातो. लाईन दुहेरी करायचं काम निघालं तेव्हा वेळसांवच्या बाजूच्या गावकऱ्यांनी विरोध केला. घरांना हादरे, कोळशाची धूळ, जुन्या वाटा बंद होणं, असे त्यांचे मुद्दे. घाटातल्या टप्प्यावर, जिथं रूळ अभयारण्यातून जातो, दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयानं 9 मे 2022 रोजी रद्द केली.

मला विचाराल तर मला दोन्ही कळतं. एकेरी लाईनवर मालगाडी समोरून आली की आपली पॅसेंजर बाजूला उभी राहते, तेव्हा मीही चडफडतो. पण ज्याच्या पायरीपासून हाताच्या अंतरावर रूळ आहे त्याला दुसरा रूळ कुठं घालायचा हे मी शाहूपुरीत बसून सांगू नये.

वैभववाडीची लाईन झाली की हा वळसा संपेल ना?

कोल्हापूर-वैभववाडी लाईनला 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. लांबी सुमारे 107 किलोमीटर, मधे सह्याद्री. ती झाली की कोकण रेल्वेला थेट जोडणी मिळेल आणि मडगावला मिरजेमार्गे जावं लागणार नाही. व्हायलाच पाहिजे. मंजुरीच्या बातमीला पेढे वाटलेले माझ्या ओळखीचे एक काका अजून दर बजेटला टीव्हीसमोर बसतात.

पण त्यानं समुद्र दारात येईल ही समजूत सोडा. वैभववाडी रोड स्टेशनापासून विजयदुर्ग किंवा देवगड पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. कोकण रेल्वेच्या कितीतरी स्टेशनांच्या नावात ‘रोड’ आहे ते उगीच नाही. राजापूर रोड, खारेपाटण रोड, सावंतवाडी रोड: म्हणजे गाव अजून पुढं आहे, रस्ता इथून फुटतो. समुद्र तर गावाच्याही पलीकडं. म्हणून तर मी मडगाव-वास्कोच्या जुन्या फाट्यावर जातो. बंदरासाठी बांधलेली लाईन असल्यामुळं ती समुद्राशी लाजत नाही.

आत्ताच कोकण रेल्वेनं जायचं असेल तर?

गगनबावड्यानं करूळ घाट उतरून वैभववाडीला, किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं कणकवलीला जा, तिथून मडगावची गाडी. ज्यांना एसटी आणि रेल्वे दोन्हींचा सोस आहे त्यांना हे जमतं. पावसाळ्यात करूळ घाट सुरू आहे का ते आधी विचारा.

पावसाळ्यात जावं का?

घाट बघायला हो, समुद्राला नाही.

जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायचं नाही. आणि रेल्वेचंही काही खरं नसतं. 23 जुलै 2021 ला दूधसागर आणि सोनावळीच्या मधे दरड कोसळून मंगळूर-मुंबई गाडीचे डबे घसरले. ती गाडी मुळात कोकण रेल्वेवर पाणी आलं म्हणून इकडनं वळवलेली होती. त्याच दिवसांत आपल्याकडं पंचगंगा पात्र सोडून आली होती. म्हणजे तुम्ही घाटातून सुखरूप वर आलात तरी रुकडीचा पूल तुम्हाला घरी सोडेल याची खात्री नाही.

आमचा महिना डिसेंबर-जानेवारी. 6 जानेवारीच्या आसपास गेलात तर कासावलीजवळच्या कुवेलीच्या टेकडीवरच्या चॅपेलजवळ तीन राजांचं फेस्त, म्हणजे ख्रिस्ती सण, असतो. तीन लहान मुलं राजे होऊन घोड्यावरून टेकडी चढतात. जोतिबाच्या यात्रेला गेलेल्या माणसाला हे वातावरण परकं वाटत नाही. टेकडी, गर्दी, खेळण्यांची दुकानं, चण्याच्या पुड्या. फक्त गुलाल नाही.

आमची पोरं पंचगंगेत पोहणारी आहेत. समुद्राची काय भीती?

हीच भीती. नदीत पोहणाऱ्याला वाटतं की आपल्याला पाणी कळतं. नदीचं पाणी एका दिशेला वाहतं, ते डोळ्यांना दिसतं. समुद्रात लाट किनाऱ्याकडं येते आणि मधल्या एखाद्या पट्ट्यातून परतीची ओढ माणसाला आत नेते. तो पट्टा वरून सपाट, शांत पाण्यासारखा दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण तिथं लाटा कमी असतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं झुंजत बसू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीबाहेर यावं, मग वळावं. जीवरक्षक असतील तिथंच आणि ते सांगतील तेवढ्यातच पोहायचं. लाल झेंडा म्हणजे नाही. दारू पिऊन तर अजिबात नाही, आणि हे वाक्य कोणासाठी आहे ते त्याला बरोबर कळलंय.

स्टेशनवर सोयी काय आहेत?

लहान स्टेशनाच्या. सामान ठेवायची खोली, खाण्याचे स्टॉल, उतरल्याबरोबर रिक्षावाल्यांचा गराडा, यातलं काही गृहीत धरू नका. आईला घेऊन जातो तेव्हा आम्ही मडगावहूनच टॅक्सी करतो. नाहीतर चालत. सकाळच्या वेळी दोन किलोमीटर काही लांब नाही.

खाण्याचं काय?

गाडीसाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरचं भडंग. येताना बेळगावला गाडी थांबते, कुंदा घ्यायला घरचा एक चपळ माणूस आधीच दाराशी उभा करावा.

तिथं पोहोचल्यावर मात्र आपली चव थोडी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकानं माशाच्या कालवणात "तांबड्या रश्श्यासारखी तर्री नाही" म्हणून तोंड वाकडं केलं होतं. गोव्याच्या हुमणात नारळ आणि आंबट असतं, तिखट मागं राहतं. सकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गरम पोई घ्या. कोंडा लावलेली, आतून पोकळ. चहात बुडवून खाल्ली की आपल्या खारीची आठवण येत नाही, आणि हे मी शाहूपुरीतल्या बेकरीसमोर राहून लिहितोय.

मराठी चालते का?

चालते. लोक कोंकणीत उत्तर देतात, आपण मराठीत विचारतो, काम होतं. फक्त "काय भावा" म्हणून हाक मारली तर समोरचा जरा दचकतो.

सुकी मासळी गाडीतून आणता येते का?

हा प्रश्न बायका विचारतात आणि उत्तर पुरुष ऐकतात. आणतात लोक. आम्हीही आणतो, सुकट आणि खारे बांगडे. आधी वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर घट्ट झाकणाचा डबा, आणि तो डबा सीटखाली. एवढं करूनही कुळे सुटलं की समोरच्या बाकावरचे लोक एकमेकांकडं बघायला लागतात. घाट चढून होईपर्यंत कोणी काही बोलत नाही. लोंढ्याला त्यातला एक जण हळूच पुढं झुकतो आणि विचारतो, "कसे दिले बांगडे?"